बिशाँ फ्रिझे : राजदरबारातून रस्त्यावर, रस्त्यावरून घरात

बिशाँ फ्रिझे ही लहान चणीच्या, पांढऱ्याशुभ्र कुरळ्या केसांच्या कुत्र्याची जात होय. तिचे मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरातील असून आजचे स्वरूप तिला फ्रान्स आणि बेल्जियममध्ये प्राप्त झाले. बार्बे या पाणकुत्र्याच्या नावावरून ‘बार्बिशाँ’ व त्यावरून ‘बिशाँ’ हे नाव आले. ‘फ्रिझे’ म्हणजे कुरळा. मॉल्टीज, बोलोनीज आणि हॅवनीज या याच कुळातील जाती आहेत.

इतिहास

स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथे दर्यावर्दींनी हे कुत्रे नेले व तेथून ते पुन्हा युरोपात आले, असे मानले जाते. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारात त्यांचे मोठे कौतुक होते. स्पॅनिश चित्रकार गोया यांनी १७९५ साली रंगविलेल्या अल्बाच्या डचेसच्या चित्रातही असा एक पांढरा कुत्रा दिसतो. त्याच्या मागच्या पायाला लाल फीत बांधलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा राजाश्रय संपला. रस्त्यावर वाद्य वाजवून पोट भरणाऱ्यांसोबत आणि सर्कशीत कसरती करीत या कुत्र्यांनी दिवस काढले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्स व बेल्जियममधील काही श्वानप्रेमींनी त्यांची जोपासना केली. १९३३ साली जातीचे अधिकृत मानक ठरले, तर १९३४ मध्ये फ्रान्सच्या वंशनोंदवहीत तिला स्थान मिळाले. १९५६ साली ही जात अमेरिकेत पोहोचली. तेथील वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात २००१ आणि २०१८ साली बिशाँ सर्वोत्कृष्ट ठरला.

शरीरवैशिष्ट्ये आणि स्वभाव

उंची साधारण २५ ते २९ सेंटिमीटर, तर वजन ५ ते ८ किलो असते. काळेभोर डोळे, काळे नाक आणि पाठीवर वळलेली शेपटी ही त्याची ओळख. केसांचे दोन थर असतात. आतला मऊ व दाट, बाहेरचा कुरळा. हा कुत्रा आनंदी, माणसाळलेला आणि शिकण्यास तत्पर असतो. एकटेपणा मात्र त्याला सहसा सोसवत नाही.

निगा

या कुत्र्याचे केस गळत नाहीत, हा समज पूर्णतः खरा नाही. गळालेले केस कुरळ्या थरातच अडकतात. रोज विंचरले नाही तर त्यांच्या जटा होऊन त्वचेला इजा होते. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ही जात निर्धोक असल्याचेही सांगितले जाते. परंतु ॲलर्जीस कारणीभूत प्रथिने कुत्र्याच्या लाळेत व त्वचेच्या कोंड्यातही असतात. त्यामुळे कोणतीच जात त्यापासून पूर्णपणे मुक्त नाही. दातांचे विकार, मूतखडे आणि गुडघ्याची वाटी सरकणे या तक्रारी या जातीत आढळतात.

बिशाँ बहुधा १४ ते १५ वर्षे जगतो. दिसायला खेळण्यासारखा असला, तरी त्याला घरी आणणे ही दीर्घकाळाची जबाबदारी ठरते.