हौशी रेडिओ व आपत्कालीन सराव

सरकारी परवान्याखाली, केवळ आवडीने व कोणताही मोबदला न घेता रेडिओ प्रेषण करणाऱ्या व्यक्तींनी आपत्तीच्या वेळी उपयोगी पडता यावे म्हणून नियमितपणे केलेली संदेशवहनाची तालीम. पूर, भूकंप, चक्रीवादळ यांसारख्या प्रसंगी दूरध्वनीच्या तारा तुटतात व वीजपुरवठा खंडित होतो. अशा वेळी विद्युत् घटमालेवर चालणारा व मध्यवर्ती यंत्रणेवर न विसंबणारा लहान प्रेषक कामी येतो. तथापि साधन जवळ असणे आणि ते संकटात कार्यक्षमतेने वापरता येणे या भिन्न गोष्टी आहेत. या जाणिवेतून सरावाची पद्धत निर्माण झाली व तिचा विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

इतिहास : मार्च १९१३ मध्ये ओहायओ व लगतच्या प्रदेशांत आलेल्या महापुरात हौशी केंद्रांनी संदेश पोहोचविले. १९१२ च्या कायद्याने हौशी प्रेषकांवर २०० मी. तरंगलांबीची मर्यादा आली होती. त्यामुळे दूरचे संदेश टप्प्याटप्प्याने एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे सोपवावे लागत. याच गरजेतून हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये हार्टफर्ड येथे अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था स्थापन झाली. संस्थेच्या नावातील ‘रिले’ हा शब्द या पद्धतीचाच निदर्शक आहे.

जून १९३३ मध्ये लीगने पहिला ‘फील्ड डे’ आयोजित केला. घरातील सुसज्ज केंद्र सोडून मोकळ्या जागी तात्पुरता आकाशक उभारावयाचा आणि जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. १९३५ मध्ये लीगने आपत्कालीन सेवेसाठी स्वयंसेवकांचे दल संघटित केले. मार्च १९३६ मध्ये ईशान्येकडील राज्यांत व जानेवारी १९३७ मध्ये ओहायओ नदीच्या खोऱ्यात आलेल्या पुरांत हौशींच्या कौशल्याची प्रत्यक्ष कसोटी लागली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरताच हौशी प्रेषण बंद करण्यात आले. मात्र नागरी संरक्षणासाठी १९४२ मध्ये स्वतंत्र युद्धकालीन रेडिओ सेवा सुरू झाली व तीत अनेक हौशींनी काम केले. १९५२ मध्ये नागरी संरक्षणाशी निगडित अशी हौशी सेवा नियमांनी प्रस्थापित झाली. युद्धोत्तर काळात काल्पनिक आपत्ती गृहीत धरून घेतली जाणारी लीगची वार्षिक चाचणीही रूढ झाली.

स्वरूप : फील्ड डे जूनच्या अखेरीस असतो व त्यात साधारणपणे २४ तास प्रेषण चालते. सार्वजनिक वीजपुरवठ्याऐवजी जनित्र, घटमाला वा सौर घट वापरल्यास अधिक गुण मिळतात. काल्पनिक आपत्तीच्या चाचणीत मात्र वेगापेक्षा अचूकतेस महत्त्व असते. प्रत्येक संदेशास क्रमांक, अग्रक्रम, उगमकेंद्र, शब्दसंख्या, स्थळ, वेळ व दिनांक जोडतात. ग्राहकाने मोजलेली शब्दसंख्या न जुळल्यास चूक तत्काळ उघडकीस येते. संदेश खरा समजून घबराट पसरू नये म्हणून त्यात ‘चाचणी’ हा शब्द स्पष्टपणे घालतात. सरावानंतर दोषांची चर्चा होते. उतरलेली घटमाला, न जुळणारी जोडणी, एकाच कंप्रतेवर अनेकांनी एकाच वेळी बोलणे असे दोष सरावात कळले, तर त्यांची किंमत अल्प असते. प्रत्यक्ष पुरात तीच किंमत जीविताने मोजावी लागते.

मर्यादा : हौशी सेवेचे अव्यावसायिक स्वरूप टिकविणे व तिचा सार्वजनिक उपयोग वाढविणे यांत काही वेळा विरोध निर्माण होतो. आर्थिक हितसंबंधासाठी प्रेषण करण्यास नियमांनी मनाई असल्याने, परवानाधारक कर्मचाऱ्याने आपल्या रुग्णालयाच्या वतीने सरावात भाग घ्यावा की नाही, हा प्रश्न उपस्थित झाला. खऱ्या आपत्तीत ज्यास यंत्र हाताळावयाचे, त्यासच तालमीस बंदी, अशी ही विसंगती होती. २०१० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन अशा सहभागास मर्यादित परवानगी मिळाली. बिगरशासकीय सरावांना मात्र वेळेचे बंधन घालण्यात आले, कारण सरावाच्या नावाखाली हौशी कंप्रतांचा नित्याच्या कामकाजासाठी वापर होण्याचा धोका होता.

भारतातील अनुभव : भूज येथील २००१ च्या भूकंपात हौशींनी संदेशवहनास साहाय्य केले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथून जगभरातील हौशींशी संपर्क साधत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, तेव्हा छंदासाठी उभारलेले हेच केंद्र मदतकार्यास उपयोगी पडले व बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांपर्यंत पोहोचू शकली. हा योजून केलेला सराव नव्हता. परंतु उभारलेला आकाशक, चालू यंत्रे व सरावलेली माणसे आपत्तीपूर्वीच जागेवर होती. भ्रमणध्वनी व उपग्रह यांच्या प्रसारानंतरही अशा तालमींचे महत्त्व टिकून आहे, ते या पूर्वतयारीमुळेच.