कडधान्यांचे खतांद्वारे पोषणसमृद्धीकरण

जस्त, लोह, सेलेनियम यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये जमिनीतून वा फवारणीने देऊन कडधान्याच्या दाण्यातील त्यांचे प्रमाण वाढविण्याची पद्धत. पैदाशीतून पोषणसमृद्ध वाण काढण्याहून ही वेगळी. येथे बियाणे नेहमीचेच असते. तूर, हरभरा, मसूर, मूग या पिकांवर तिचा वापर होतो.

महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत लोह भरपूर असूनही सामू जास्त असल्याने ते मुळांना मिळत नाही. अशा रानातील हरभऱ्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जस्ताचीही तीच अडचण, म्हणून दाणा भरताना फवारणी अधिक उपयोगी पडते. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट घेतल्यास ०.५ टक्के द्रावण होते. ते आम्लधर्मी असल्याने पाने करपू नयेत म्हणून त्यात २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळतात. फुलोऱ्यात आणि घाटे भरताना अशा दोन फवारण्या पुरेशा ठरतात. जस्त पानातून दाण्यात बऱ्यापैकी पोहोचते. लोह मात्र पानातच अडकते, त्यामुळे हिराकशीच्या फवारणीने पीक हिरवे झाले तरी दाण्यातील लोह फारसे वाढत नाही. जाहिराती हा फरक सहसा सांगत नाहीत.

सेलेनियमबाबत फिनलंडचे उदाहरण ठळक आहे. तेथे १९८४ पासून ते रासायनिक खतांतच मिसळले जाते. अर्थात तेथील भर तृणधान्ये व चाऱ्यावर होता.

दाण्यातील प्रमाण वाढले तरी त्यातील फायटिक आम्ल शरीरात जस्त व लोहाचे शोषण रोखते. भिजवून मोड आणल्यास ते कमी होते.