जात्यावरची ओवी

दळताना बायकांनी रचलेले व गायिलेले लोकगीत. ज्वारीच्या मुलखात भाकरीचे पीठ पूर्वी पहाटे घरच्या जात्यावर निघे. खुंट्याला एकीचा हात, समोर दुसरीचा. मुठीने वैरण टाकत एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने पुढे न्यावी. सासुरवास, भाऊ, लेक, विठ्ठल हे विषय. घरात बोलायची सोय नसलेले दुःख इथे मोकळे होई. निव्वळ श्रमगीत म्हणणे अपुरेच. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गिरण्यांनी रोजचे दळण संपवले. लग्नात हळद दळताना मात्र शेजारणी आजही ओव्या गातात.