बंदुकीच्या बदल्यात मोटारसायकल? अमेरिकेत जुन्या बंदुकांची अदलाबदल कशी चालते आणि कायदा काय म्हणतो

समजा, टेक्सासमधल्या एका माणसाला आपली शिकारीची जुनी रायफल विकायची आहे. तो जाहिरात देतो, '६०० डॉलर, किंवा बदल्यात काय देता ते सांगा.' संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं येतात. एक जण म्हणतो, माझं पिस्तूल घ्या आणि वर मला १०० डॉलर द्या. दुसरा जुनी मोटारसायकल देऊ करतो. तिसरा प्लंबर आहे, तो म्हणतो, पैशांऐवजी तुमच्या बाथरूमचं काम करून देतो.

अमेरिकेत यातली एकही ऑफर विचित्र मानली जात नाही. पण अशा व्यवहारात एक गैरसमज हमखास असतो. पैसेच दिले नाहीत, म्हणजे ही विक्री नाही आणि विक्री नाही म्हणजे कायद्याचा संबंध नाही! हा गैरसमज माणसाला थेट तुरुंगात नेऊ शकतो.

मुळात अदलाबदल का करतात?

बंदूक नीट सांभाळली तर कित्येक दशकं चालते. त्यामुळे जुन्या बंदुकांचा बाजार मोठा आहे. दुकानदाराला ती पुढे नफ्याने विकायची असते, म्हणून तो भाव पाडून मागतो. दोन व्यक्तींनी थेट व्यवहार केला तर मधला नफा वाचतो.

खरी घासाघीस किमतीवरून होते. 'ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज' नावाचं एक संदर्भ पुस्तक बरेच जण आधाराला घेतात. बंदूक किती झिजली आहे, मूळ पॉलिश शाबूत आहे का, सोबत खोकं आणि जादा मॅगझिन आहेत का, यावर भाव ठरतो. गंमत म्हणजे, संग्रहातली जुनी बंदूक नव्याने पॉलिश केली तर तिची किंमत बहुतेक वेळा कमीच होते.

आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे स्वतःच्या वस्तूला नव्याचा भाव लावायचा आणि समोरच्याच्या वस्तूला जुन्याचा. म्हणून जाणकार आधी दोन्ही वस्तूंची रोख किंमत ठरवतात आणि मग फरक काढतात.

कायद्याच्या नजरेत 'बदली' म्हणजे काय?

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये विक्रीच्या बरोबरीने अदलाबदल, भेट देणं, हाती सोपवणं हे शब्दही आहेत. थोडक्यात, पैसे फिरले की नाही हे गौण आहे. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली का, हा प्रश्न महत्त्वाचा.

केंद्रीय कायद्यानुसार एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी व्यक्ती परवानाधारक दुकानदाराशिवाय व्यवहार करू शकतात. मात्र समोरच्याला बंदूक बाळगायला बंदी आहे हे माहीत असेल, किंवा तसं समजण्याजोगं कारण असेल, तर त्याला बंदूक देणं गुन्हा आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली माणसं या बंदीत येतात. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे.

समोरचा दुसऱ्या राज्यातला असेल तर थेट देवाणघेवाण चालत नाही. व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागतो. तिथे 'फॉर्म ४४७३' भरून एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत तर राज्यातल्या राज्यातही सर्वसाधारणपणे हीच पद्धत सक्तीची आहे.

बंदुकीच्या बदल्यात बंदूक असेल, तर दोघंही एकाच वेळी देणारे आणि घेणारे असतात. म्हणजे जबाबदारी दुप्पट होते. विक्रेत्यामार्फत व्यवहार झाला, तर फॉर्म आणि तपासणीही दोघांची होते.

छंद की धंदा?

आपला संग्रह सुधारण्यासाठी अधूनमधून अदलाबदल करायला परवाना लागत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. पण मुख्यतः नफा कमावण्यासाठी सतत बंदुका घेतल्या आणि फिरवल्या, तर तो धंदा ठरतो. विनापरवाना असा धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हो, त्या प्लंबरचीही सुटका नाही. कामाच्या बदल्यात मिळालेल्या वस्तूचा बाजारभाव अमेरिकेच्या कर विभागाच्या लेखी उत्पन्नच असतो.

ज्या अदलाबदलीने ३० वर्षं घेतली

अदलाबदलीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. 'स्मिथ विरुद्ध अमेरिका' या खटल्यात आरोपीने एमएसी-१० ही स्वयंचलित बंदूक देऊन दोन औंस कोकेन घेण्याची तयारी दाखवली होती. समोरचा माणूस वेशांतर केलेला पोलिस निघाला. सौदा पूर्णही झाला नाही.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक 'वापरली' तर जास्तीची शिक्षा होते. प्रश्न असा होता की, गोळी झाडली नाही, धाक दाखवला नाही, तर मग वापर कसला? न्यायालयाने १९९३ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की, बंदूक मोबदला म्हणून पुढे करणं हाही वापरच आहे. आरोपीची ३० वर्षांची शिक्षा कायम राहिली.

२००७ मध्ये उलटं प्रकरण आलं. 'वॉटसन विरुद्ध अमेरिका' खटल्यात आरोपीने गोळ्या (औषधाच्या) देऊन पिस्तूल घेतलं होतं. या वेळी न्यायालयाने एकमताने ठरवलं की बंदूक घेणारा तिचा 'वापर' करत नाही.

तिथल्या मराठी माणसाने काय लक्षात ठेवावं?

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत असाल, तर बंदूक बाळगायलाच सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्यामुळे 'तुझा जुना लॅपटॉप दे, माझं पिस्तूल घे' ही मित्राची ऑफर दोघांनाही गोत्यात आणू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही.

आणि भारतात?

आपल्याकडे नियम खूपच कडक आहेत. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये 'हस्तांतर' या शब्दात भाड्याने देणं, उसनं देणं, नुसता ताबा सोडणं, सगळं येतं. म्हणजे गावाकडे 'चार दिवस वापर आणि परत दे' म्हणून दिलेली बंदूकही यातून सुटत नाही. परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीला द्यायची असेल, तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं.

दोन्ही देशांच्या कायद्यांत फरक भरपूर आहे, पण एक गोष्ट सारखी आहे. बंदुकीच्या बदल्यात काय मिळालं, याआधी ती कोणाच्या हातात गेली, हे विचारलं जातं.