नांव तेंच, दप्तर नवें



उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत होते. त्या वर्षीं १ नोव्हेंबरास राज्यपुनर्रचना झाली आणि ते मुंबई राज्यांत, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर जिल्हा झाला, तेव्हां दप्तर लातुरास गेलें. आमच्या नांदेडास १९५६ सालींच आदिलाबादेकडील किनवट मिळालें. गांवांचीं नांवें तींच राहिलीं, शेताची शींव वीतभरहि हलली नाहीं; बदललें तें दप्तर.

संगणकाच्या जगांतील नांवांचेंहि असेंच आहे. संकेतस्थळाचें नांव आपण कायमचें विकत घेत नाहीं, ठराविक वर्षांपुरतें नोंदवितों. मूळ नोंदवही एकच. तींत नोंद करून देणारे मध्यस्थ, म्हणजे रजिस्ट्रार, मात्र अनेक. प्रारंभीं तसें नव्हतें. ‘डॉट कॉम’च्या नांवांची नोंदणी नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच अमेरिकन कंपनीच्या हातीं होती. १९९८ सालीं आयकॅन ही संस्था स्थापन झाली व पुढील वर्षीं इतर रजिस्ट्रारांस दार उघडलें. परंतु दुकानें वाढलीं, तरी गिऱ्हाइकास एक सोडून दुसऱ्याकडे जातां येत नसेल तर त्यांचा उपयोग काय? म्हणून १२ नोव्हेंबर २००४ पासून स्थलांतराचे नवे नियम लागू झाले. जुन्या रजिस्ट्रारानें पांच दिवसांत सकारण हरकत न घेतल्यास त्याचें मौन हीच संमति ठरली. आपल्याकडे ‘डॉट इन’चें दप्तर २००५ सालीं निक्सी या संस्थेनें हातीं घेतलें, आणि २०१४ सालीं ‘डॉट भारत’ देवनागरींत अवतरलें.

रीत सोपी आहे: नांवावरील कुलूप काढावें, जुन्याकडून गुप्त संकेत घ्यावा, तो नव्यास द्यावा. पण हा अधिकार कोणाचा? ज्याच्या नांवें नोंद, त्याचा. माझ्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेचें संकेतस्थळ बांधून देणाऱ्या गृहस्थानें नोंद स्वतःच्याच नांवें केली. पैसे संस्थेचे, पावत्या संस्थेच्या. तो गांव सोडून गेला, तेव्हां नोंदवहींत मालक तोच निघाला. संस्थेस नवें नांव घ्यावें लागलें आणि जुन्या विद्यार्थ्यांचीं पत्रें जुन्याच पत्त्यावर जात राहिलीं.

मराठवाड्यांतील कुळास हें दुःख ठाऊक आहे: कसणारा एक, कागदावर दुसरा. त्यासाठीं हैदराबादेस १९५० चा कुळकायदा करावा लागला. तेव्हां आपल्या संस्थेच्या नांवाची नोंद कोणाच्या नांवें आहे, तें आजच पाहून घ्यावें. दप्तर केव्हांहि बदलतां येईल. मात्र त्यांतील नांव आपलें असलें पाहिजे.