ड्रॅक्युलाचे दोन अंत

डब्लिनच्या सरकारी कचेरीत नोकरी करीत असता, कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांची कर्तव्ये सांगणारे एक पुस्तक ज्याने सिद्ध केले, त्या ब्रॅम स्टोकरने १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा भयाची मांडणीही त्याने दप्तराच्याच शिस्तीने केली. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे, फोनोग्राफवर सांगून ठेवलेली डॉक्टरची टिपणे, असा एकेक दाखला नायिका मिना टंकलेखन यंत्रावर उतरवून तारीखवार लावते, आणि त्या कागदांतूनच काउंट ड्रॅक्युलाचा माग लागतो.

१९२२ च्या मार्चमध्ये बर्लिनला दाखविलेल्या दिग्दर्शक मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने हे सारे दप्तर जवळजवळ बाजूस सारले. आपल्या ‘प्राण’ या शब्दावरून नाव घेतलेल्या ‘प्राना फिल्म’ या निर्मितीसंस्थेने स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेताच कथा उचलली, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला आणि लंडनऐवजी विस्बोर्ग हे कल्पित जर्मन नगर योजले, तथापि श्रेयनामावलीत स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख राहिलाच. फ्लॉरेन्स स्टोकर यांनी फिर्याद गुदरली, संस्थेचे दिवाळे निघाले, आणि १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. बाईंचा हक्क निर्विवाद होता, हे मी मनापासून मानतो. तरीही काही प्रती वाचल्या, याबद्दल कृतज्ञताच वाटते.

कारण त्या भिंतीवरची सावली! जिना चढणारी ती वाकलेली आकृती, तिची लांबच लांब नखे, आणि अखेरीस नायिका एलेनच्या हृदयावर मिटत जाणारी हाताची छाया: शब्दाविना साधलेले असे भय स्टोकरच्या शेकडो पृष्ठांतही मला क्वचितच भेटले.

परंतु खरा भेद अंतात आहे. कादंबरीत सूर्यास्ताच्या उंबरठ्यावर मिनाचा पती जोनाथन याची कुकरी काउंटच्या गळ्यावरून फिरते आणि त्याचा साथीदार क्विन्सी याचा सुरा हृदयात शिरतो. चित्रपटात मात्र एलेन आत्मार्पण करून त्याला पहाटेपर्यंत खिळवून ठेवते आणि कोवळ्या उन्हात तो विरून जातो. रक्तपिपासू पिशाच्च उन्हाने मरते हा जगभर रूढ झालेला समज त्या शिक्षापात्र मूकपटाचा वारसा आहे. स्टोकरचा ड्रॅक्युला, दिवसा त्याची शक्ती क्षीण होत असली तरी, लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा उभा राहून गाडीतल्या एका तरुणीकडे टक लावून पाहत असतो.