विस्मृतीचा विकार आणि परकी भाषा

ज्या विकाराला वैद्यकात डिमेन्शिया म्हणतात, त्याला मराठीत आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. हा शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. परंतु तेथे तो क्रोध आणि मोह यांचा परिणाम म्हणून येतो, मेंदूचा विकार म्हणून नव्हे. लोकव्यवहारात तर आपण ‘साठी बुद्धी नाठी’ एवढे म्हणून मोकळे झालो. १९०६ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे आलोइस आल्झायमर यांनी एका मृत स्त्रीच्या मेंदूतील विकृती वैद्यांपुढे मांडली. ती स्त्री पन्नाशीच्या घरातली होती; तिच्या विस्मृतीचा दोष म्हातारपणावर टाकता येत नव्हता. तरीही हा मध्यम वयातला विरळा रोग होय, असेच पुढे कित्येक दशके मानले गेले. वृद्धांच्या विस्मरणामागेही बहुधा हाच रोग असतो, हे १९७० नंतरच सर्वमान्य होऊ लागले.

याच सुमारास ब्रिटनमध्ये एक निराळा इतिहास घडत होता. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने साम्राज्यातील व राष्ट्रकुलातील प्रजाजनांना तेथे राहण्याचा व काम करण्याचा हक्क मान्य केला. पंजाब, मीरपूर, सिल्हेट आणि वेस्ट इंडीज येथून तरुण माणसे गेली; ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत, मिडलँड्समधील ओतशाळांत, लंडनच्या बसगाड्यांवर आणि इस्पितळांत राबली. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले भारतीय वंशाचे हजारो लोक त्यांत मिळाले. १९९० च्या दशकापर्यंत यांपैकी पहिली पिढी वृद्ध झाली, आणि तिच्यासाठी कोणतीही तयारी नव्हती असे दिसून आले.

याचे कारण दुहेरी होते. दक्षिण आशियातील अनेक भाषांच्या रोजच्या बोलीत या रोगाला वेगळे नाव नाही. ज्याला नाव नाही त्यावर उपचार कोण मागणार? वेड म्हटले की घराण्याला बट्टा लागतो, मुलामुलींची लग्ने अडतात. म्हणून आजाऱ्याला घरात झाकून ठेवायचे. दुसऱ्या बाजूस शासनाने एक सोयीस्कर समजूत करून घेतली होती : ही माणसे आपल्या वडीलधाऱ्यांचे आपणच पाहतात. त्या पाहण्याचा भार घरातील एका सुनेवर किंवा लेकीवर पडत होता, हे कोणी विचारलेच नाही. सरकारी दप्तराचा नियम असा, की ज्याचा अर्ज नाही त्याची गरजही नाही.

२०१३ साली ब्रिटिश पार्लमेंटमधील सर्वपक्षीय सदस्यगटाने याविषयी अहवाल दिला. इंग्लंड व वेल्समधील वांशिक अल्पसंख्य समाजांत सुमारे २५,००० स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असावेत, आणि २०५१ पर्यंत ही संख्या १,७२,००० च्या वर जाईल, असा त्याचा अंदाज होता. रक्तदाब आणि मधुमेह यांचे या समाजांतील प्रमाण हे त्याचे एक कारण म्हणून दाखवले गेले.

आता परीक्षेचा प्रश्न. १९७५ पासून जगभर रूढ झालेल्या स्मृतिपरीक्षेत शंभरातून सात-सात वजा करावयास सांगतात, एक वाक्य लिहावयास सांगतात. जिने कधी शाळा पाहिली नाही ती वृद्धा येथे नापास होते. पण तो नापास मेंदूचा, की शिक्षणाचा? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देशात शोधले गेले. हरियाणातील बल्लभगढ येथे ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत परीक्षा रचली गेली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. २००४ साली सिडनीहून आलेल्या परीक्षेत बाजाराच्या यादीतील चार जिन्नस लक्षात ठेवायचे असतात आणि रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल ते सांगायचे असते. असे प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येतात.

याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि आईची भाषा मागे उरते. चाळीस वर्षे इंग्रजीत कामकाज केलेला माणूस एके दिवशी फक्त पंजाबीत पाणी मागतो, आणि परिचारिकेला ते कळत नाही. ब्रॅडफर्डमधील ‘मेरी यादें’ या उपक्रमाने म्हणूनच दक्षिण आशियाई कुटुंबांपर्यंत त्यांच्याच भाषेतून जाण्याचा मार्ग धरला.

हा प्रश्न केवळ सातासमुद्रापलीकडचा नव्हे. मुलांच्या नोकरीपायी उतारवयात बंगळूर, कोलकाता किंवा दिल्लीस गेलेले मराठी आईवडील तेथे भाषेने अल्पसंख्यच असतात. त्यांची परीक्षा परभाषेत झाली, तर तिचा निकाल कितपत खरा धरावा? डॉक्टरांना रुग्णाची मातृभाषा आणि शिक्षण आधी सांगावे. दुभाषाचे काम नातवावर सोपवू नये. आजोबांची लाज राखण्यासाठी तो त्यांची उत्तरे सावरून घेतो. आणि जो शुश्रूषेला येईल त्याला पाणी, भूक, दुखणे, भीती एवढे चार मराठी शब्द तरी लिहून द्यावेत. रोग यामुळे बरा होणार नाही. पण माणूस आपल्याच घरात परका होणार नाही.